टेबलाची कड सापडली की: घनवादी स्थिरचित्र वाचण्याची एक रीत

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ड्रॉइंग परीक्षा दिलेल्यांना वस्तुचित्राचा पेपर आठवत असेल. मध्ये स्टूल, त्यावर कापड, तांब्या, पेला, एखादं फळ. ठरलेल्या जागी बसायचं, एक डोळा मिटायचा, हात ताठ करून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यायचं. आमच्या चित्रकलेच्या बाई फेरी मारताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या, “जागा सोडू नका रे, मान हलवू नका. काठ बिघडेल.” पेल्याचा काठ गोल असतो हे आपल्याला माहीत असतं, पण बसल्या जागेवरून तो लंबवर्तुळ दिसतो. मान जरा वर केली की ते लंबवर्तुळ फुगतं, खाली केली की चपटं होतं. एका पेपरात मान पाच वेळा हलली तर एकाच पेल्याला पाच काठ होणार.

युरोपातल्या चित्रकलेने पंधराव्या शतकापासून हीच शिस्त पाळली होती. डोळा एक, जागा एक, क्षण एक. त्यालाच आपण यथार्थदर्शन म्हणतो. पॅरिसमध्ये 1908 ते 1914 या काळात पाब्लो पिकासो आणि जॉर्ज ब्राक या दोघांनी ही अट सोडून दिली आणि मान हलवली. काठ बिघडलाच, पण पेल्याविषयी, टेबलाविषयी आणि चित्र या वस्तूविषयी एका जागी बसून कधी कळलं नसतं असं बरंच त्यातून हाती लागलं. यालाच घनवाद म्हणतात. समीक्षक लुई व्होक्सेल यांनी 1908 मध्ये ब्राकच्या प्रदर्शनाविषयी लिहिताना ‘घन’ हा शब्द तक्रारीच्या सुरात वापरला आणि तोच चिकटला. त्या शब्दामुळे लोक चित्रात ठोकळे शोधत बसतात. या चित्रांमध्ये ठोकळे फारसे नाहीतच.

अशी चित्रं दाखवली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “यात काय आहे?” दुसरा, “याचा अर्थ काय?” माझा आग्रह असा की आधी रूप नीट पाहावं आणि मग अर्थाला हात घालावा. रूप न पाहता अर्थ सांगणं म्हणजे पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल. पुढची रीत मी एका छोट्या चित्रावर दाखवणार आहे. हे चित्र म्हणजे पिकासोचं ‘वेतकामाच्या खुर्चीसह स्थिरचित्र’, मे 1912, मूळ चित्र पॅरिसच्या पिकासो संग्रहालयात. जिथे या चित्राने काम भागणार नाही तिथे ब्राकची एक-दोन चित्रं घेऊ. वाचण्याआधी संगणकावर चित्र मोठं करून उघडा. फोनचा पडदा फार लहान पडतो.

आधी आकारमान आणि साहित्य, नाव शेवटी

चित्राखालच्या पट्टीवर सगळ्यात वर नाव असतं म्हणून आपण ते आधी वाचतो. या चित्रांच्या बाबतीत ते शेवटी वाचावं. यातल्या बऱ्याच चित्रांची नावं चित्रकारांनी दिलेलीच नाहीत. ती विक्रेत्यांनी यादी करताना, ओळखू यावं म्हणून लावली. ‘व्हायोलिन आणि मेणबत्ती’ असं वाचलं की डोळा व्हायोलिन शोधायला धावतो, सापडलं की थांबतो, आणि पाहणं तिथेच संपतं.

त्याऐवजी आकारमान बघा. आपलं चित्र 29 सेंटिमीटर उंच आणि 37 सेंटिमीटर रुंद आहे. ए-थ्री कागदाहूनही थोडं लहान. म्हणजे हे दिवाणखान्याच्या भिंतीवर रुबाब दाखवायला केलेलं चित्र नाही, ते हातात धरता येतं, मांडीवर घेता येतं. त्याला चार कोपरे नाहीत, ते अंडाकृती आहे. मग साहित्य वाचा: कॅनव्हासवर तैलरंग आणि मेणकापड, भोवती दोर. मेणकापड म्हणजे जेवणाच्या टेबलावर अंथरतात, सांडलेलं पुसून काढता येतं, तेच. पिकासोने त्याचा एक तुकडा चिकटवला आहे आणि त्यावर वेताच्या खुर्चीच्या बैठकीची जाळी छापलेली आहे. चित्राला लाकडी चौकट नाही, जाड दोराचा वेढा आहे.

हे सगळं वहीत एका ओळीत लिहून ठेवा. पुढे त्याची गरज लागेल.

टेबलाची कड शोधा

घनवादी स्थिरचित्रात शिरायला माझ्या अनुभवात सगळ्यात भरवशाची वाट टेबलाची आहे. वस्तू शोधू नका, वस्तू कशावर ठेवल्या आहेत ते शोधा. कारण पाहणारा कुठे उभा आहे हे टेबल सांगतं. यथार्थदर्शनात टेबलाच्या कडा मागे जाताना जवळ येतात आणि टेबल आपल्यापासून दूर आडवं पसरतं. आधीच्या पिढीतल्या पॉल सेझान या फ्रेंच चित्रकाराने ही जागा आधीच हलवून ठेवली होती. त्याच्या सफरचंदांच्या चित्रांत टेबलाची पुढची कड कापडाखाली जाते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येते ती वेगळ्याच पातळीवर. सेझान 1906 मध्ये गेला, 1907 मध्ये पॅरिसच्या ‘सालों दोतोन’ या वार्षिक कलामेळ्यात त्याचं मोठं प्रदर्शन झालं आणि तरुण चित्रकारांनी ते डोळ्यांत साठवलं. पिकासो आणि ब्राक यांनी तेच टेबल उचलून आणखी तिरपं केलं, इतकं की ते जवळजवळ भिंतीसारखं उभं राहिलं.

आपल्या चित्रात कड कुठे आहे? बाहेरच्या दोराकडे पाहा. चित्र अंडाकृती आहे. गोल टेबल बाजूने पाहिलं तर अंडाकृती दिसतं, पेल्याच्या काठाचाच नियम. मग अख्खं चित्र म्हणजे कॅफेतलं गोल टेबल आणि दोर म्हणजे त्याच्या कडेचं नक्षीकाम असं म्हणता येतं. पण मग वेताची जाळी कुठली? कुणी म्हणतं, टेबलाचा वरचा भाग काचेचा आहे आणि त्यातून खालची खुर्ची दिसते. कुणी म्हणतं, खुर्चीलाच टेबल केलं आहे, तिच्या बैठकीवर वस्तू मांडल्या आहेत. किंवा हा ट्रे आहे, दोर त्याची कड.

इथे घाईने एक उत्तर निवडू नका. तिन्ही वाचनं वहीत लिहा आणि प्रत्येकाला चित्रात काय आधार आहे ते समोर मांडा. काचेच्या टेबलाला आधार असा की जाळीवर रंगाचे फटकारे आणि सावल्या आहेत, म्हणजे जाळी ‘खाली’ आहे. खुर्चीला आधार जाळीचाच. ट्रेला आधार आकारमानाचा. चित्राने मुद्दाम तिन्हींना जागा ठेवली आहे, आणि हे चित्र भिंतीवर टांगलं की चौथी गोष्ट घडते: आडवं टेबल उभं होतं आणि तरी त्यावरचं काही पडत नाही. आपण खाली पाहतो आहोत की समोर, हा प्रश्न कायम उघडा राहतो.

प्रत्येक वस्तूची खूण

आता वस्तू. डावीकडे वर ‘जे, ओ, यू’ ही रोमन अक्षरं, म्हणजे वर्तमानपत्र. त्या अक्षरांना भिडून तंबाखूच्या पाइपची दांडी. मधल्या भागात पेला. उजवीकडे सुरी, लिंबाची चकती, आणि बहुतेक अभ्यासक ज्याला शिंपला म्हणतात तो आकार. पॅरिसच्या कॅफेत कुणीतरी नुकतंच काही खाल्लं, प्यायलं, पेपर वाचला.

या यादीने समाधान मानू नका. एकेक वस्तू किती कमी खुणांवर उभी आहे ते पाहा. लिंबू म्हणजे काय? एका बिंदूतून निघणाऱ्या रेघा आणि भोवती साल. शिंपला म्हणजे काय? एका बिंदूतून निघणाऱ्या रेघा आणि भोवती वक्र कड. दोघांची खूण जवळजवळ एकच! कवितेत जसं यमक असतं तसं हे आकारांचं यमक आहे. ‘लिंबू’ आणि ‘शिंपला’ यांचा एकमेकांशी संबंध असतोच, शिंपल्यातल्या मांसावर लिंबू पिळतात. पण चित्र ते चवीने सांगत नाही, रेघेने सांगतं. अर्थ रूपातून निघतो असं मी म्हणते तेव्हा मला हेच म्हणायचं असतं.

व्हायोलिनमध्ये ही गोष्ट आणखी लख्ख दिसते. 1912 च्या हिवाळ्यात पिकासोने कागद चिकटवून काही व्हायोलिनं केली. व्हायोलिनच्या पोटावर दोन बाजूंना नागमोडी भोकं असतात. प्रत्यक्षात दोन्ही सारखी. पिकासो एक मोठं काढतो, दुसरं बारीक. कागद सपाट आहे, छाया दिलेली नाही, यथार्थदर्शन नाही. तरी मोठं भोक जवळ येतं, बारीक दूर जातं आणि सपाट कागदावरचं व्हायोलिन जागच्या जागी वळतं. खोली ‘दाखवलेली’ नाही, तिची फक्त खूण ठेवली आहे. आपल्याकडे नकाशावर देवळासाठी छोटा त्रिकोण आणि झेंडा काढतात तसं. नकाशातला त्रिकोण देवळासारखा दिसत नाही अशी तक्रार कुणी करत नाही.

म्हणून ‘घनवाद म्हणजे वस्तू सगळ्या बाजूंनी एकदम दाखवणं’ हे शाळेतलं वाक्य मला अपुरं वाटतं. 1909-10 च्या चित्रांना ते बऱ्यापैकी लागू पडतं. पण सगळ्या बाजू एकदम दाखवायच्या असत्या तर चित्रं अधिकाधिक भरत गेली असती. 1912 नंतर उलट झालं. चित्रं मोकळी होत गेली, खुणा कमी आणि नेमक्या होत गेल्या.

कुठे रेघ तुटली आहे?

ही पायरी संथ आहे, पण ती टाळू नका. त्यासाठी ब्राकचं 1909 मधलं ‘व्हायोलिन आणि पॅलेट’ घ्या. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे. उंच आणि अरुंद चित्र, सुमारे 92 बाय 43 सेंटिमीटर. खाली व्हायोलिन, त्याच्या वर सुरांचे कागद, सगळ्यात वर चित्रकाराचं पॅलेट.

पेन्सिलीचं टोक पडद्यापासून थोडं दूर धरून व्हायोलिनच्या बाह्यरेषेवरून फिरवा. थोडं अंतर गेल्यावर रेघ सुटते. व्हायोलिनचं लाकूड संपलं की मागची जागा सुरू झाली, सांगता येत नाही. रंगाचं एक प्रतल दुसऱ्यात मिसळून जातं. सेझान हे करायचा. फ्रेंचमध्ये याला ‘पासाज’ म्हणतात, म्हणजे वाट, ये-जा करायची जागा. ज्या ज्या ठिकाणी रेघ तुटते तिथे चित्राच्या छापील प्रतीवर एक टिंब द्या. दहा-बारा टिंबं झाली की लक्षात येतं, वस्तू आणि तिच्या भोवतीची हवा यांना ब्राकने एकाच मातीतून घडवलं आहे. वस्तूंच्या मधली जागा रिकामी नाही, तिलाही कोन आहेत, घड्या आहेत.

मग उजेड तपासा. परीक्षेत आपण आधी ठरवायचो, उजेड डावीकडून, म्हणजे सावली उजवीकडे. इथे तसं चालणार नाही. एक कड डावीकडे उजळ, लगेच खालची कड उजवीकडे उजळ. प्रत्येक प्रतलाला स्वतःचा उजेड मिळाला आहे. उजेड कुठून येतो हे सांगण्यासाठी तो वापरलेलाच नाही, एक प्रतल दुसऱ्याच्या पुढे आणायला किंवा मागे ढकलायला वापरला आहे. डोळे किलकिले करून पाहिलं की काळ्या-पांढऱ्याची ही लाट स्पष्ट दिसते.

या काळातले रंगही मोजके असतात, तपकिरी, करडा, गेरू, मळकट हिरवा. दोघांना रंगाचं वावडं नव्हतं. ब्राक तर थोड्याच वर्षांपूर्वी भडक रंगांच्या फॉव्ह चित्रकारांत होता. लिंबाचा पिवळा झगझगीत ठेवला असता तर डोळा त्या पिवळ्यावर अडकला असता आणि प्रतलांची ये-जा दिसली नसती.

अक्षरं मोठ्याने वाचा

पुन्हा आपल्या अंडाकृती चित्राकडे. ‘जे, ओ, यू’. फ्रेंचमध्ये याचा उच्चार साधारण ‘झू’. हा ‘झुर्नाल’ या शब्दाचा आरंभ, म्हणजे वर्तमानपत्र, आणि ‘ल झुर्नाल’ नावाचं दैनिकही तेव्हा पॅरिसमध्ये निघायचं. पण ‘झूए’ म्हणजे खेळणं. ‘झूर’ म्हणजे दिवस. ‘झूझू’ म्हणजे लहान मुलांचं खेळणं.

मराठीत याची गंमत पटकन कळेल. टेबलावर घडी घातलेला पेपर आहे आणि मथळ्यातलं फक्त ‘लोक’ दिसतंय. लोकसत्ता असेल, लोकमत असेल. किंवा नुसतंच ‘लोक’. घडी उघडेपर्यंत तिन्ही खरं. पिकासोने घडी कायमची मिटलेली ठेवली आहे.

अक्षरांचं आणखी एक काम असतं आणि ते वाचण्याचं नाही. 1911 मध्ये ब्राकने ‘पोर्तुगीज’ नावाच्या चित्रात स्टेन्सिलने अक्षरं आणि आकडे उमटवले. दुकानाच्या पाटीवर किंवा खोक्यावर असतात तसे. अक्षर हे मुळातच सपाट असतं, त्याला मागची बाजू नसते. त्यामुळे अक्षर कॅनव्हासच्या पृष्ठभागावर बसतं आणि बाकीचं सगळं त्याच्या मागे सरकतं. हे स्वतः करून पाहण्यासारखं आहे. चित्रातली अक्षरं बोटाने झाका आणि पाहा. मग बोट काढा. काढताक्षणी मागच्या प्रतलांना खोली येते. ज्यांना मी हे करायला लावलं त्यातल्या एका मुलीने तीन-चार वेळा बोट ठेवलं, काढलं, ठेवलं, आणि म्हणाली, “ताई, अक्षरं काचेवर लिहिल्यासारखी वाटतात.” एवढं नेमकं वर्णन मला एखाद्या ग्रंथातही वाचल्याचं आठवत नाही.

अस्सल काय, नक्कल काय

माझ्या मते या चित्राची खरी मेख इथे आहे, म्हणून इथे वेळ घालवा.

वहीत दोन रकाने आखा. डावीकडे ‘खरं वाटतं’, उजवीकडे ‘खरं आहे’. आता चित्रातला एकेक घटक त्यात टाका. वेताची जाळी? पाहताक्षणी सगळ्यात खरी तीच वाटते, एकेक वेत उठून दिसतो, सावलीसकट. पण ती वेत नाही. ती पिकासोने रंगवलेलीही नाही. यंत्राने छापलेली नक्कल आहे. मेणकापड म्हणून मात्र ती अस्सल वस्तू आहे. पेला? मुळीच खरा वाटत नाही, पण सगळ्या चित्रात हाताने, पाहून, विचार करून केलेलं काम तिथेच आहे. दोर? दोर दोरच आहे. आणि तोच चौकटीच्या जागी आहे, म्हणजे जिथे चित्र संपून खोली सुरू होते तिथे.

चारशे वर्षं चित्रकाराची तारीफ अशी व्हायची, की काय हुबेहूब काढलंय, हात लावावासा वाटतो. पिकासोने हुबेहूब काढण्याचं काम कारखान्याला देऊन टाकलं. चित्राच्या त्या कोपऱ्यात तो म्हणतो आहे, हुबेहूब हवं ना, हे घ्या, दुकानात वारावर मिळतं. आता चित्रकाराने काय करायचं ते बाजूला पाहा.

ब्राकला हे सगळं घरातूनच ठाऊक होतं. त्याचे वडील आणि आजोबा घरं रंगवणारे, सजावट करणारे. तो स्वतः त्या धंद्यात शिकला होता. साध्या फळीवर रंगाचा हात देऊन ओल्या रंगातून फणी ओढली की सागवानासारख्या रेषा उठतात, हे कसब त्याच्याकडे होतं आणि त्याने ते पिकासोला दिलं. ‘व्हायोलिन आणि पॅलेट’च्या अगदी वरच्या टोकाला पाहा. तिथे एक खिळा आहे. पूर्ण यथार्थदर्शी, सावलीसकट. खाली सगळं तुटलेलं, वळलेलं, आणि वर हा एक जुन्या पद्धतीचा खिळा, ज्यावर पॅलेट टांगलं आहे. खिळा इतका पटतो की त्याच्यामुळे बाकीचं चित्र ‘खोटं’ ठरायला हवं. पण जरा वेळ पाहिलं की उलट होतं. खिळा एका बाजूने, एका क्षणी पाहिलेला, आणि व्हायोलिन हाताळलेलं, फिरवून पाहिलेलं. वाद्य हाताच्या स्पर्शाने जिवंत होतं, म्हणून ते आपल्याला जवळचं वाटलं असं ब्राकने पुढे सांगितलं आहे. खिळ्याला तो जीव नाही.

अर्थ किती ताणायचा?

इथपर्यंत आलात तर अर्थ बराचसा हातात आलाच आहे. तरी एक मोठा वाद माहीत असायला हवा, कारण कुठे थांबायचं हे त्यातून शिकता येतं.

1912 च्या शरद ऋतूत पिकासोने ‘गिटार, सुरांचा कागद आणि पेला’ केलं. ते आता टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो इथल्या मॅकने कला संग्रहालयात आहे. भिंतीचा छापील कागद, लाकडाची नक्कल केलेला कागद, छापील सुरावटीचा तुकडा, पेल्याचं कोळशाचं रेखाटन, गिटारच्या भोकाच्या जागी पांढऱ्या कागदाची गोल चकती. आणि खाली डावीकडे 18 नोव्हेंबर 1912 च्या ‘ल झुर्नाल’चा तुकडा. त्यावर मथळा, ‘ला बाताय से तांगाझे’, म्हणजे ‘लढाईला तोंड लागलं’. पुढचे शब्द कापले आहेत. मूळ बातमी बाल्कन युद्धाची होती, इस्तंबूलजवळच्या चाताल्जाच्या फळीवर तुर्की आणि बल्गेरियन फौजा भिडल्या होत्या.

काही अभ्यासक म्हणतात, पिकासोने युद्धाची बातमी मुद्दाम आणली, कॅफेच्या टेबलावर बसून माणसं याच गोष्टी बोलत होती, आणि कात्रणं वाचली पाहिजेत. दुसरे म्हणतात, कात्रण हा करड्या ठिपक्यांचा पोत आहे, तो कधी सावली होतो, कधी उजेड, आणि त्यातली बातमी हा चित्राचा ‘संदेश’ मानणं भाबडेपणाचं आहे. तिसरं वाचन असंही आहे की ही लढाई ब्राकशी आहे. कागद चिकटवून चित्र करण्याची युक्ती आधी ब्राकने केली होती आणि पिकासो आता मैदानात उतरला होता.

माझं मत स्पष्ट आहे. वाक्य नेमक्या जागी कापलं आहे म्हणून ते वाचलंच पाहिजे. ‘चाताल्जा’ हे नाव ठेवलं असतं तर लढाई एका ठिकाणची झाली असती, कापल्यामुळे ती कुठलीही झाली. पण म्हणून बारीक टायपात छापलेली प्रत्येक ओळ भिंग लावून वाचायची आणि त्यातून पिकासोचं राजकारण काढायचं, हे मला पटत नाही. माझी कसोटी साधी आहे: चित्रापासून दोन हातांवर उभं राहून जे अक्षर वाचता येतं ते अर्थात धरावं, जे येत नाही ते पोतात धरावं. हा माझा ठोकताळा आहे. एखाद्या चित्रात तो मोडला तर मोडू द्या, पण का मोडला ते लिहून ठेवा.

लपलेल्या आकृत्यांचंही तसंच. हुआन ग्रिस या दुसऱ्या घनवादी चित्रकाराच्या 1915 मधल्या ‘चौकडीच्या टेबलक्लॉथसह स्थिरचित्र’ या चित्रात वस्तूंच्या मांडणीतून बैलाचं डोकं दिसतं, आणि एकदा दिसलं की विसरता येत नाही. ग्रिस माद्रिदचा, त्याच्या हातून बैल येणं समजण्यासारखं आहे. पण त्या आनंदात प्रत्येक गिटारमध्ये बाई आणि प्रत्येक बाटलीत माणूस शोधू नये. आकृतीला चित्रातल्या किमान तीन वेगळ्या वस्तूंचा आधार मिळाला तरच तिला मान्यता द्यावी.

घरी करून पाहा

वाचून जेवढं कळेल त्याच्या दुप्पट हे एका संध्याकाळी कळेल. स्टीलचा पेला अर्धा पाण्याने भरा. शेजारी अर्धं कापलेलं लिंबू आणि घडी घातलेला पेपर. ट्रेसिंग पेपरचे चार तुकडे घ्या.

पहिल्या तुकड्यावर पेला डोळ्यांच्या पातळीवर आणून काढा. काठ सरळ रेघ होईल. दुसऱ्यावर उभं राहून, अगदी वरून. काठ पूर्ण वर्तुळ होईल आणि आत पाण्याचं दुसरं वर्तुळ. तिसऱ्यावर नेहमीसारखं बसून. चौथ्यावर डोळे मिटून, हाताने पेला चाचपून मग काढा. बुडाची कडा, काठाची गोल वळलेली पट्टी, पोटावरचा पोचा हे सगळं त्यात येईल, कारण हाताला ते आधी लागतं.

चारही कागद एकावर एक ठेवून खिडकीला लावा. गचपण दिसेल. आता पाचवा कागद वर ठेवून त्यातल्या फक्त सहा रेघा निवडा. सहाच. एवढ्यात पेला उभा राहिला पाहिजे. बहुतेक जण काठाचं वर्तुळ आणि एक उभी बाजू आधी उचलतात, मग अडतात. कुठली रेघ अर्धवट सोडली तरी चालते, कुठली सोडली की पेला कोसळतो, हे ठरवायला अर्धा तास सहज लागतो. त्या अर्ध्या तासात तुम्ही पिकासोच्या पेल्याशेजारी बसलेले असता. मग पेपरच्या मथळ्यातला दोन-तीन अक्षरांचा तुकडा कापून चिकटवा, आणि तो कुठे चिकटवल्यावर पेला मागे जातो, कुठे पुढे येतो ते पाहत सरकवत राहा. गोंद शेवटी लावा.

पुढचं चित्र

आता एक चित्र कुणाच्या मदतीशिवाय वाचा. ब्राकचं ‘फळांची थाळी आणि पेला’, सप्टेंबर 1912. ब्राक तेव्हा दक्षिण फ्रान्समधल्या सोर्गला राहत होता. जवळच्या आव्हीन्योंमधल्या दुकानात त्याने लाकडासारखा छापलेला भिंतीचा कागद विकत आणला, आणि त्याच्या तीन पट्ट्या कापून कोळशाच्या रेखाटनात चिकटवल्या. चित्रावर ‘बार’ आणि ‘एल’ (एक प्रकारची बिअर) हे शब्द आहेत. तिन्ही पट्ट्या एकाच कागदाच्या, छपाई एकच, रंग एकच. त्यातलं काही लाकूड भिंतीचं आहे आणि काही टेबलाचं, मागे किती आणि पुढे किती ते तुम्ही ठरवायचं. खालच्या पट्टीवर ब्राकने एक छोटं वर्तुळ काढलं आहे. टेबलाची कड शोधायला निघालात की सुरुवात तिथून करा. ती ड्रॉवरची मूठ आहे.